पोवळ्यांवर कुणी उभं राहू नये म्हणून

तीर्थस्वरूप आत्यास,

होडीवाल्या भाच्याचा, लांबून पण अगदी वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मागे फोनवर "बरे आहेत" म्हणालीस, पण आवाज मुख्याध्यापिकेचाच होता (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तो काही निवृत्त होत नाही), म्हणून पुढे विचारायची हिंमत झाली नाही. आम्ही मजेत. हिने पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांना रंग दिला. आमच्या खोलीचा नंबर बहुधा पुढच्या जन्मी लागेल. माझा मेहुणा अजून माझ्याच होडीवर आहे आणि कामापेक्षा सल्लेच जास्त देतो.

आता मुद्दा. (तू भुवई वर केलीस, ती मला इथून दिसली.) गेल्या आठवड्यात सागर खात्याचे साहेब आले, पाण्यात उतरले आणि तोंड पाडून वर आले. मी पर्यटकांना जी पोवळी दाखवायला नेतो, ती या हंगामात फार मोडली आहेत म्हणे. महिनाअखेरीस पुन्हा तपासणी. आणखी मोडतोड दिसली, तर तो पट्टा तीन वर्षं बंद. म्हणजे माझी होडी तीन वर्षं अंगणात पालथी आणि मी तिच्या शेजारी. ही तर होडीवर किती चादरी वाळतील, याचा अंदाज आत्तापासूनच घेते आहे. मला हसू येतं, पण झोप येत नाही.

मग मी पर्यटकांना सुधारायला घेतलं. आधी धक्क्यावर पाटी लावली: "पोवळ्यांवर उभे राहू नये." लोक ती वाचत, पाण्यात उतरत आणि "पोवळी म्हणजे नक्की कुठली हो?" असं मला ओरडून विचारत. विचारताना उभे पोवळ्यांवरच. मग मी चिडून दुसरी पाटी रंगवली: "इथे रोज ऐंशी माणसे पोवळी तुडवतात, लाज वाटत नाही का?" त्या दिवसापासून तर धरबंधच सुटला. ही म्हणाली, "अहो, सगळेच तुडवतात असं तुम्हीच लिहिलंत, मग माणूस म्हणणारच ना, मी एकट्यानेच काय पाप केलंय!" म्हणून तिने स्वतः तिसरी पाटी लिहिली: "इथे येणारी बहुतेक माणसे पोवळ्यांना हातही लावत नाहीत." धडधडीत थाप! पण आत्या, लोक खरंच जपून पोहू लागले. त्या बहुतेकांत आपणही असावं, असं सगळ्यांनाच वाटतं की काय कोण जाणे.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी तुझा भाचा कसला? मी भाषण सुरू केलं. पोवळं वर्षाला नखाएवढं वाढतं, असं सांगितलं, तर एका इंजिनियर गृहस्थांनी "कुठल्या बोटाच्या?" असं विचारून जाता-येता माझी उलटतपासणी घेतली. मग मेहुण्याने डोकं चालवलं: प्रत्येक कुटुंबाला एकेक पोवळं दत्तक द्यायचं. माणूस आपलं म्हटलं की जपतो, हा त्याचा सिद्धांत. (हिच्या भावाचा सिद्धांत म्हटल्यावर मला मान हलवावीच लागते.) दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी दोन कुटुंबांत आपलं मोठं की तुमचं मोठं यावरून पाण्यातच जुंपली. दोन्हीकडचे बाप पायांत पोहण्याचे रबरी पंखे घालून हातवारे करत होते आणि त्या पंख्यांनी तिसऱ्याच कुटुंबाच्या पोवळ्याच्या चार फांद्या गेल्या. ते कुटुंब होडीत बसून रडत होतं.

आणि मग परवा एक बाई आल्या. पांढरे केस, जाड चष्मा. पाण्यात उतरल्याच नाहीत, होडीच्या कडेला नुसत्या बसून राहिल्या. एक दांडगा गडी पोवळ्यावर पाय टेकणार, एवढ्यात त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गड्याने पाय तसाच वर धरला आणि उरलेला वेळ एका पायाने पोहला! परतताना लोकांनी आपला कचरा तर आणलाच, कालच्या लोकांचाही आणला. शिक्षिका होत्या हे मला विचारावं लागलं नाही. मी स्वतःच शर्टाचं वरचं बटण लावून बसलो होतो. मला तुझी इतकी आठवण आली म्हणून सांगू.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप. लहानांचा आणि हिचा नमस्कार.

तुझा,
वाया न गेलेला भाचा

ता. क. तपासणीपर्यंत तू इथे येऊन राहशील का? समुद्राकडच्या खिडकीची खोली तुझ्यासाठी राखली आहे. काम काही नाही. रोज दोन फेऱ्या होडीत बसायचं आणि बघायचं. गुडघ्यांना त्रास नको म्हणून चढायला फळी बसवून घेतली आहे.

ता. क. २. हे पाकिटात घालताना राहवलं नाही, म्हणून लिहितो. सगळ्यात मोठं पोवळं, मधोमध दुभंगलेलं, ते पर्यटकांनी मोडलेलं नाही. मेहुणा काल बुडी मारून पाहून आला. अकरा वर्षं मी ज्याला खडक समजून, खाली न बघता, ऐटीत नांगर टाकत आलो, ते हेच. त्यावर माझ्या नांगराचे ओरखडे आहेत. साहेबांना अजून ठाऊक नाही, मेहुण्याला मी गप्प बसवलं आहे आणि पाट्या मात्र लोकांसाठी रंगवतो आहे. आत्या, तू लवकर ये. पर्यटकांचं आम्ही बघून घेऊ, तू फक्त माझ्याकडे बघ. तू समोर असलीस की मला खोटं बोलता येत नाही, साहेबांशीसुद्धा.