सात नाण्यांचा खण

रविवार, ९ मार्च
दुपारचे साडेतीन

प्रिय पिटुक,

अनेक आशीर्वाद. पंचावन्न गाठलेल्या माणसाला ही हाक शोभत नाही, कळतं मला. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की हजेरीपट भरतेय असं वाटतं. तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. या पत्राला उत्तर आलं नाही तरी रागावणार नाही. मागच्या दोन पत्रांनाही आलं नव्हतं. (बघ, टोमणा मारलाच!)

बातमी अशी, की तुझी ताई सुतारकाम शिकली. हसू नकोस. बाबांची नाणी अजून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतच होती, एकेक कागदात गुंडाळलेली. त्यांना नीट घर करावं म्हणून कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे गेले. ते म्हणाले, "देतो की करून. पंधरा दिवसांत." मी म्हटलं, "मला स्वतः करायचंय." त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग हातांकडे. "बोटं मोजून आणलीत ना, बाई? जातानाही मोजायची."

त्याला चार महिने झाले. रोज दुपारी मी त्यांच्या दुकानात असते. दारातून ऊन तिरकं आत येतं, त्यात भुसा तरंगत राहतो आणि खाली बसायचं विसरून जातो. रंधा फिरला की लाकडाचे पातळ, गोल गोल कुरळे छिलके निघतात. ते हातात धरून मी किती तरी वेळ नुसती बसते. कधी वाटतं, मी झोपेतच आहे आणि ही बाबांची खोली आहे. ते खिडकीशी बसून भिंगातून नाणं बघतायत, आपण दोघं उंबऱ्याबाहेर उभे, आणि ते मान न उचलता म्हणतायत, "या, पण श्वास हळू घ्या."

पेटीत बारा खण आहेत, एकावर एक सरकणारे. प्रत्येक नाण्याची रुंदी मोजायची आणि तेवढीच गोल खाच कोरायची. पहिली खाच मी इतकी चोख केली की नाणं आत गेलं ते बाहेर येईचना. काकांनी खण उलटा करून ठोकला, तरी ढिम्म. "इतकं आवळून धरू नये, बाई. दमट हवेत लाकूड फुगतं. थोडी जागा सोडा. आणि कडेला बोटापुरती एक चंद्रकोर पाडा, म्हणजे बघणाऱ्याला नाणं उचलता येईल." आता प्रत्येक खाचेला चंद्रकोर आहे. सगळे खण रिकामे मांडले की चंद्रांचं गाव दिसतं. पॉलिश मात्र लावलं नाही. त्याच्या वाफेने नाण्यांवर डाग पडतात, असं बाबांच्या वहीत आहे.

अकरा खण झाले. बाराव्यासाठी गेल्या मंगळवारी मी ती पुडी नेली. बाबांनी वेगळी बांधून ठेवलेली सात चांदीची नाणी.

काकांनी एक उन्हात धरलं. "ही बाकीच्यांसारखी नाहीत. अक्षरं पुसट झालीत."

"लहानपणी माझ्या भावाने घासली."

पिटुक, किती वाजले ते सांगावं इतक्या सहज मी हे बोलून गेले. तुला कधी न भेटणाऱ्या माणसापाशी. काका म्हणाले, "लेकरूच ते. आवडीनेच घासली असतील." आणि मला त्या भुशात बसवेना.

तुला ती दुपार आठवत असेल. दुसऱ्या दिवशी बाबांचे संग्राहक मित्र नाणी बघायला येणार होते. शाळेत सिस्टर आमच्याकडून चॅपलमधली पितळी मेणबत्तीदानं घासून घ्यायच्या, आणि माझ्यासारखी चकाकी कुणालाच साधत नसे. मला वाटलं, बाबांचीच नाणी अशी काळी का असावीत? दंतमंजनाचा आख्खा डबा मी संपवला. जुन्या चांदीवर पिढ्यान् पिढ्या साचलेली ती काळी झाक हाच तिचा दागिना असतो, हे मला कुठे ठाऊक होतं? तू शेवटी आलास. "मला पण दे ना, ताई." मी फडकं तुझ्या हातात दिलं आणि हात धुवायला गेले.

परतले तेव्हा बाबा दारात होते. तुझ्या कोपरापर्यंत पांढरी पूड. ते ओरडले नाहीत. "तुला काही जपता येत नाही," एवढंच म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तू नऊ वर्षांचा, मी चौदा. मी ओले हात फ्रॉकला पुसत राहिले.

ते वाक्य मग आपल्या घरात राहायलाच आलं. तुझी सायकल हरवली तेव्हा, परीक्षा बुडाली तेव्हा, नोकरी सोडलीस तेव्हा. आणि तीन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर तू एक दिवस उशिरा पोचलास, तेव्हा दारात ते मीच तुला ऐकवलं. बाबांनी संग्रह माझ्या नावे केला होता, 'जपणाऱ्या हातांत' असं लिहून. तो कागद मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. तू चपला घातल्यास आणि निघून गेलास.

बुधवारी दुकानात शिरल्या शिरल्या मी सांगून टाकलं, "काका, ती नाणी मी घासली होती." रंधा थांबलासुद्धा नाही. "मग ते मला कशाला सांगताय, बाई?"

म्हणून हे पत्र.

बारावा खणही काल झाला. पेटी तुझ्याकडे येते आहे, सगळीच्या सगळी. संग्रह तुझ्या नावे केल्याचा कागद वरच्या खणात आहे. काकांनी विचारलं होतं, कुलूप कुठे बसवायचं. मी म्हटलं, नको. बाबांच्या वहीत त्या सात नाण्यांपुढे 'धाकट्याने खराब केली' असं होतं. ते मी खोडलं आणि शाईने लिहिलं, 'थोरलीने. वय चौदा.' माफ कर म्हणायला धजत नाही, पण म्हणते.

ठेवायची की परत पाठवायची, ते तू ठरव. मात्र एकदा सर्वांत खालचा खण उघडून बघ. सातही नाण्यांच्या कडेला ती काळी झाक हळूहळू परत येते आहे. उचलताना भिऊ नकोस. तुझ्या बोटापुरती जागा ठेवली आहे.

ओल्या हातांची,
तुझी ताई