तेच इंजेक्शन

वच्छलाकाकू,

तुमचा रामप्रसाद मोटारसायकलवरून डोक्यावर पडला, तेव्हा बिडकीनहून त्याला लगेच शहरात न्यायला हवं होतं. तुमचे दीर माझ्या दवाखान्याच्या दारात आडवे उभे राहिले. "आधी इंजेक्शन द्या, डॉक्टर. नुसतं बघून धाडता व्हय?" मी स्टेरॉइड दिलं. डोक्याच्या मारात त्यानं जास्त माणसं दगावतात, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मारानं की इंजेक्शननं, हे कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही मात्र गावभर सांगितलंत, "डॉक्टरनं लई केलं."

यंदा दिवाळीनंतर त्याची लेक ज्ञानेश्वरी गच्चीवरून पडली, तिच्याही डोक्याला मार लागला. तुम्ही म्हणालात, "बापाला दिलं तेच द्या." मी संपलंय म्हणालो आणि तिला तडक शहरात पाठवलं. बाटली कपाटात होती.

पोरगी वाचली, पण तिला उजवा हात उचलता येत नाही. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून असं झालं, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ते खरं नाही. पण ते खोडायचं तर मला रामप्रसादपासून सुरुवात करावी लागेल, म्हणून हे पत्रही तुमच्यापर्यंत येणार नाही.

काल तुम्ही विचारलंत, "आता तरी आणून ठेवलंय का?"

मी हो म्हणालो.

तुमच्या विश्वासातला,
डॉ. त्रिंबक