फावड्याच्या जागी सरबत

शुक्रवार, ५ जानेवारी २००१
अल ऐन

शिसारी आली आज नवऱ्याची. उद्या बापलेक मनालीच्या वर बर्फात चालायला निघालेत आणि ह्यांनी आपल्या बॅगेतून फावडं काढून ठेवलं. का, तर वजन जास्त होतं. मग त्या जागी भरलं काय? संत्र्याच्या सरबताच्या पावडरचे डबे, बहिणीसाठी!

लेकाने, निखिलने, मला सगळं समजावलंय. ताजा बर्फ पडला की उतारावरून अख्खा थर घसरतो आणि माणूस गाडला जातो. गळ्यात घालायचं यंत्र गाडलेल्याची जागा दाखवतं, पण उकरायला फावडंच लागतं, तेही लगेच. ते यंत्र ह्यांनी दुपारी जेवायला आलेल्या मित्रांत गळ्यात घालून मिरवलं. फावडं बाल्कनीत झाडूशेजारी.

"अगं, गल्फहून रिकाम्या हाताने गेलो तर ताई काय म्हणेल? आणि निखिलकडे आहे की एक फावडं."

"निखिलच गाडला गेला तर त्याचं फावडंही त्याच्याबरोबर खाली. मग तुम्ही काय डब्याच्या झाकणाने उकरणार?"

"शुभ बोल जरा. यल्ला, चल, चहा टाक."

आतून निखिल ओरडला, "बाबा, नो शव्हल, नो ट्रिप!"

बर्फाला काय कळतं शुभ नि अशुभ? डबे काढले, फावडं कोंबलं, कुलूप घातलं. किल्ली निखिलकडे. ताईंना रुसायचं तर रुसू देत, रुसलेल्या माणसाची समजूत घालता येते.

चहा टाकला नाही. एक डबा फोडून थंडगार सरबत पुढे ठेवलं. प्या म्हटलं, तुम्हीच आणलंय.