हो कोणी म्हटलं

११ नोव्हेंबर, सोमवार
दुपारी जहांगीरभाईंना आणलं. इथेच मलकापुरात गाद्या-रजया भरतात. बोटात सुई रुतली, बोट पिकलं, ताप अंगावर काढला. हातपाय गार, बडबड चाललेली, बीपी लागतच नव्हता! डॉ. अदीबांनी पाहताक्षणी ओळखलं— जंतू रक्तात गेलेत. "सारिका सिस्टर, आधी कल्चरचं रक्त, लगेच अँटिबायोटिक." शीर सापडेना. कशीबशी सापडली. सलाईनवर सलाईन, तरी बीपी वर येईना. मग बीपी चढवायचं औषध लावायचं ठरलं.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, शकीलाला, सगळं समजावलं. ती नुसती बघत राहिली. मग मी आपल्या बोलीत सांगितलं. "जीव वाचू शकते. पण ह्या दवाईनं बोटाइले रक्त कमी पडते, काळी पडू शकतात."

तिनं खाटेचा दांडा घट्ट धरला. "बोटं जाऊ द्या, माणूस राहू द्या. मी हो म्हणते."

१२ नोव्हेंबर
बीपी टिकला. लघवी सुरू झाली! पिशवीतलं ते पिवळं पाणी पाहून इतका आनंद— बाहेर कोणाला सांगितलं तर हसतील.

१५ नोव्हेंबर
पूर्ण शुद्धीवर आले. उजव्या हाताची तीन बोटं काळी. शकीला त्यावर ओढणी टाकून ठेवते.

३ डिसेंबर, मंगळवार
बुलढाण्याला बोटं काढली. आज ड्रेसिंगला आमच्याकडे आले. मी पट्टी सोडत होते तर जहांगीरभाई एकदम म्हणाले, "आता सुई काह्यनं धरू? त्या दवाईले हो कोणं म्हटलं होतं?"

शकीला भिंतीला टेकून उभी. चेहऱ्यावर रक्त नाही.

"मी," माझ्या तोंडून गेलं. "मीच घाई केली, भाऊ."

"मंग मरू द्याचं होतं मले!"

मी नवी पट्टी गुंडाळत राहिले.

खोटं बोलले. पण माझी गाठ पट्टीपुरती, त्यांना जन्म काढायचाय एकमेकांसोबत. पहिल्या तासात काय करायचं ते आम्हाला पाठ आहे. माणूस वाचून घरी गेला, की पुढे तिथं काय होतं— ते कोण बघतं?

१० डिसेंबर
"दुसऱ्या सिस्टरले बोलवा," जहांगीरभाई म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लागलंच मनाला. डबा तसाच परत आणला.

१८ डिसेंबर, बुधवार
शकीला एकटीच आली, गोळ्या न्यायला. म्हटलं, हो तू म्हणालीस ते त्यांना कधी सांगू नको. तर रडायलाच लागली.

"काल मीनंच सांगतलं, ताई. तं म्हणे, मले मालूम आहे. तू हो म्हटलं तव्हा मी आयकून राह्यलो होतो. म्या म्हटलं, मंग सिस्टरवर काऊन चिडता? तं म्हणे— मंग काय तुह्यावर चिडू?"