डाव्या खांद्याची बंदूक

११ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची. उमरठच्या अलीकडे रिक्षावाल्याने अर्ध्या चढावर सामान उतरवलं आणि पुढे चढत नाही म्हणाला. रिक्षा चढत नाही की तुम्ही, असं विचारलं, तर रिक्षा वळवून निघून गेला. घर मात्र झकास आहे. सिमेंटचं, दोन खोल्या, लख्ख ओटा, समोर कापणी झालेली भातखाचरं. मुंबईतली आमची इमारत पाडून पुन्हा बांधेपर्यंत मी इथेच राहणार. माझी बहीण शर्मिला म्हणत होती, माझ्याकडे ये. तिच्याकडे टीव्ही पहाटे सहाला सुरू होतो, त्यापेक्षा हा डोंगर बरा.

घरमालकाने काहीच चौकशी केली नाही. करारावर मी सही केली उजव्या हाताने (मी मूळची डावखुरी, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडीने लावलेली सवय), पण तो बघत होता माझ्या डाव्या हाताकडे. लहानपणी शाळेच्या दारात सापडून तर्जनीचं पेर गेलं. असे बघे मला नवे नाहीत.

१२ नोव्हेंबर
दारावर आतल्या बाजूने, दोन खुंट्यांवर बंदूक! मी तक्रार करायला फाटकाबाहेर गेले, कारण रेंज तिथेच येते. मालक म्हणाला, असू दे. असू दे? झुंबर आहे का ते?

शेजारची आवडी भाकरी घेऊन आली, पण उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाली, "बाय, खाली काढू नका गो तिला. कुनालाच बसली नाय ती. हाय तशी ऱ्हाऊ दे."

शर्मिलाचा मुलगा अश्विन पुण्याच्या रायफल क्लबात जातो, जुन्या बंदुकांचं वेड आहे त्याला. फोटो पाठवले.

१४ नोव्हेंबर
अश्विन हरखलाय. पंप बंदूक आहे म्हणे: नळीखालची मूठ मागेपुढे सरकवायची, की नवं काडतूस वर येतं. काडतुसावर आपटणारा घोडा बाहेर दिसतो, म्हणजे बहुधा शंभरेक वर्षं जुनी. आधी रिकामी आहे का बघ म्हणाला. त्याने फोनवर सांगितलं तसं दोनदा पाहिलं. रिकामीच आहे.

पण नंतर तिच्यावर जे काम केलंय, तसं त्याने कधी पाहिलेलं नाही. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता आखूड केलेला. गाल टेकायची खोबण उजव्या अंगाला कोरलेली, म्हणजे डावखुऱ्यासाठी. आणि चाप पितळी पट्टी जोडून मागे आणलेला, आखूड बोटाला पोचावा म्हणून. स्क्रूंची घडण आणि पितळेचा रंग बघून तो म्हणाला, हे काम सत्तरेक वर्षांपूर्वीचं. "मावशी, तुझ्या जन्माच्याही आधीचं!" आणि हसला.

मी हसले नाही.

१५ नोव्हेंबर
अश्विनला मापाचा अंदाज हवा होता. खांद्याला लावून फोटो काढ म्हणाला. लावली. इतकी चपखल, की शिंप्याने माप घेऊन शिवलेला ब्लाउजही मला असा कधी बसला नाही. बोट आपोआप चापावर गेलं.

खुंटीवर परत ठेवताना हात सुटायला वेळ लागला. संधिवात असेल.

१६ नोव्हेंबर
पोलादपूरला ठाण्यात कळवायला निघाले. फाटकापाशी डावा खांदा असा पिळवटला की बसलेच. घरात आले, दुखणं गेलं. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला रांगत परत आले. मी, जी आयुष्यात कुणापुढे वाकले नाही.

१७ नोव्हेंबर
आवडीने सगळं सांगितलं. या घराला राखणदार लागतो. बंदूक ज्याच्या मापाची, त्याला घर सोडत नाही, आणि त्याला न्यायला जो येईल, त्याला बंदूक सोडत नाही. मालकाला ठाऊक होतं? ठाऊक होतं, म्हणाली. त्या माणसाला मी —

शिव्या देऊन उपयोग नाही. आवडी म्हणते, उद्या हाताला धरून नेते. भली बाई. शर्मिलाचा नंबरही लिहून घेतला तिने.

१८ नोव्हेंबर
आवडीने माझं मनगट धरलं. फाटकाशी आलो. बंदूक माझ्या हातात होती. मी घेतली नव्हती. रिकामी होती. तरी फाटकाचा खांब फुटला.

आवडीला लागलं नाही. पळाली.

१९ नोव्हेंबर
डावा हात दस्त्यावरून सुटत नाही. साबण लावला, तेल लावलं. उजव्याने लिहिते आहे. कुणी येऊ नका, एवढंच —

आवडी खालच्या वळणावर उभी होती. ओरडून सांगितलं, कुणाला पाठवू नकोस. ती ओरडली, "घाबरू नका बाय, तुमच्या बहिनीला फोन केलाय! सख्ख्या बहिनीवर नाय चालायची ती! महाडला उतरली पन!"

नाही. शर्मिला नाही.

दुपार
तीच. निळी साडी. चढावर थांबते, दम खाते, पुन्हा चालते. दार लावून घेतलं. बंदुकीने उघडलं.

मी ओरडते आहे, परत जा. तिला वाटतं मी नेहमीसारखी चिडले आहे. हसते आहे. हात हलवते आहे —

गाल खोबणीत टेकला. मान वळत नाही. शमे, खाली बस, अगं खाली —