वैऱ्याची बंडी

कोपनहेगन, २ नोव्हेंबर १९५९

चि. एगॉन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. वाल्देमारला जाऊन दीड महिना झाला. तू दफनानंतर लगेच एस्बेर्गची गाडी पकडलीस, म्हणून पुढचा तमाशा तुझा हुकला. कॉफी घेताना त्याच्या खुर्च्यांच्या कारखान्याचा मालक हेर्लुफ सगळ्यांदेखत म्हणाला, “हात वाल्देमारचे होते, डोकं माझं.” सुतारांच्या प्रदर्शनात वाल्देमारनं घडवलेल्या त्या आरामखुर्चीवर स्वतःच्या नावाची पाटी लावली ती लावली, वर माझ्या नवऱ्याच्या मयताला येऊन, माझाच केक खात हे बोलला! दोन वर्षं त्या खुर्चीच्या हातांपायी वाल्देमारला धड झोप नव्हती. रात्री उठून उशीवर बोटानं त्या हातांचा बाक काढायचा.

आता ऐक. गेल्या आठवड्यात हेर्लुफनं तीच पहिली खुर्ची दोराची बैठक विणायला नेहमीसारखी माझ्याकडे पाठवली. त्याला ती घरात ठेवायची आहे. सांगाड्याची पुढची पट्टी पुसताना पेन्सिलीचं अक्षर दिसलं. वाल्देमारचं. “हाताचा बाक पाचव्यांदा बदलला. मालक म्हणतात, हा वेडेपणा सोड, असली खुर्ची कोणी घेणार नाही. मी सोडणार नाही. वा. क्रोग, ३ मार्च १९५८.” मी तिथंच फरशीवर बसून रडले. मग उठले, कागदाला पीळ देऊन केलेला तो दोर ओला केला आणि त्या पट्टीवर घट्ट गुंडाळत बैठक विणून टाकली. ओळ आत सुखरूप आहे.

खोकल्याला जप. मुलांना पापा.
तुझी ताई, त्यूरा

एस्बेर्ग, ९ नोव्हेंबर १९५९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं, हाती लागलेला पुरावा कोणी असा गाडून टाकतं का? पेपरवाल्यांना बोलवायचंस. तुझी वीण चाळीस वर्षं हलत नाही, हे तूच मिरवत असतेस. हेर्लुफ आत्ताच सत्तेचाळीसचा, त्यात दिवसाला आठ चिरूट. दोर तुटेल तेव्हा तो मातीखाली असेल, आणि तू त्याच्या थडग्याला वाचून दाखवशील. निदान दोर थोडा सैल तरी सोडायचास!

इकडे हेरिंग मासळी भरपूर, पैसा बेताचा. रागावू नकोस, लोभ असू दे.
तुझा एगॉन

कोपनहेगन, १५ नोव्हेंबर १९५९

चि. एगॉन यास,
अ. आ. वि. वि. शहाणाच आहेस. ओळ दाखवली असती तर त्यानं रंधा मागवला असता. दोन हात मारले की अक्षर गेलं, मग विधवा बाई काय बडबडते ते कोण ऐकतं? आज त्या खुर्चीला विचारतोय कोण? तिचं नाव होऊ दे, त्याला चढू दे वर. वरून पडला म्हणजे लागेल तरी नीट.

आणि सैल म्हणालास, ते पुन्हा बोलू नकोस. माझ्या हातून सैल विणलं जात नाही.

राहिला त्याच्या मरणाचा प्रश्न. त्याला मी मरू देणार नाही. काल त्याच्यासाठी जाड लोकरी बंडी विणून नेली, सोबत सर्दीवर एल्डरबेरीचा रस. चिरूट सोडा म्हणून हात जोडले. दरवर्षी एक बंडी देणार आहे. मी माफ केलं असं वाटून मेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यांना आशीर्वाद.
त्यूराताई

एस्बेर्ग, २० जानेवारी १९८१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. दवाखान्यात एका मासिकात हेर्लुफचा फोटो पाहिला. म्हणे त्याच्या खुर्चीसाठी अमेरिकेत लोक रांग लावतात. तोंड टवटवीत, अंगात तुझी बंडी. बावीस वर्षांत बावीस बंड्या झाल्या! इथं मी खोकून खोकून अर्धा झालो, पण सख्ख्या भावाला तुझ्याकडून एक मोजा मिळाला नाही. वैरी झालो असतो तर बरं झालं असतं. खरं सांग, राग उरलाय का? की आता त्या म्हाताऱ्याची काळजीच वाटायला लागली? सोडून दे ना, ताई. आपणही म्हातारे झालो.

उत्तर धाड, वाट बघतो.
एगॉन

कोपनहेगन, ४ ऑक्टोबर १९९८

चि. एगॉन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. झालं. तुला आधी सांगते, मग चहा टाकते.

हेर्लुफचा शहाऐंशीवा वाढदिवस होता. दुसऱ्या दिवशी खुर्ची संग्रहालयात जायची होती, नेमका पुढच्या कडेचा दोर तुटला. एकोणचाळीस वर्षं रोज बसला, मी जगवलं म्हणून बसला. त्याच्या मुलीनं, लिझबेटनं मला बोलावलं. दिवाणखान्यात घरची माणसं, संग्रहालयाची बाई, सगळी केकच्या बश्या घेऊन बसलेली. मी सुरी काढली. माझीच वीण, एगॉन, बाकी सगळी अजून ठणठणीत. कापताना तेवढं एकदा जिवावर आलं.

पट्टी मोकळी झाली. मी म्हटलं, चष्मा विसरले, इथं काही लिहिलंय, मालक, तुम्हीच वाचा. तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. “मालक म्हणतात” पाशी आवाज बसला. पुढचं लिझबेटनं वाचलं, तारखेसकट. मग तिनं विचारलं की हे काय आहे. तो जुनंच बोलायला गेला, “हात त्याचे होते...”

“आणि डोकं?” लिझबेट म्हणाली.

त्यानं पट्टीवरच्या अक्षरावर बोट टेकवलं. मग म्हणाला, “तेही त्याचंच.”

संग्रहालयाच्या बाईनं तिथंच लिहून घेतलं. पाटीवर वाल्देमार क्रोग हेच नाव लागणार, आणि खुर्ची अशीच, बैठकीवाचून ठेवणार. केक कोणी संपवला नाही.

मला वाईट वाटलं का, हे तू विचारशीलच. नाही वाटलं. तीळभरही नाही. दारापर्यंत काठी टेकत आला आणि सवयीनं विचारलं, यंदाची बंडी राखाडी आहे का. मी कोट चढवला.

तशी ती राखाडीच आहे, अर्धी झाली आहे. आता तुझ्या मापाची करते. छातीचं माप लगेच कळव, थंडी तोंडावर आली आहे.

लोभ वाढव, खोकला वाढवू नकोस.
तुझी ताई, त्यूरा