फौजदाराला दिलेला शेक

रास अल खैर,
रविवार, १२ जानेवारी

तीर्थरूप कौमुदीताईस,

वाळू झटकून, हातपाय धुऊन केलेला उल्हासचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांनी सुपारी सोडलेली नाही, हे मी इथे आखातातल्या वाळवंटात बसूनही सांगू शकतो.) टपालाने हे पत्र तुला होळीला मिळेल, म्हणून पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आहे. मोठं करून वाच. मी बरा आहे. इथे थंडी आहे. हसू नकोस. इथल्या घरांना थंड कसं व्हायचं एवढंच ठाऊक आहे. उबेचा विचार बांधणाऱ्यांच्या मनात कधी आलाच नाही.

पत्राचं कारण फौजदार. म्हणजे क्षितिजाने पाळलेला दाढीवाला सरडा. हातभर लांब, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि चिडला की गळ्याखालची दाढी फुगवून काळी करतो. (दुसरा चहा नाकारल्यावर दाजी दिसतात, साधारण तसा.) जूनमध्ये लेकीच्या कॉलेजसाठी कीर्ती आणि ती पुण्याला गेल्या, तेव्हा सगळं बॅगांत भरलं गेलं आणि हा एवढा माझ्या पदरात पडला. याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली तर खाल्लेलं पचतं, नाहीतर त्याचा रोजचा भोपळा पोटात तसाच राहतो आणि जीवावर बेततं.

तर गेल्या आठवड्यात, क्षितिजाच्या खोलीतली त्याची काचेची पेटी बैठकीत आणताना, वरचा दिवा गेला. आता मी नोकरी कसली करतो? समुद्राचं पाणी उकळून गोडं करण्याची. अख्खा समुद्र तापवणाऱ्या माणसाला एक सरडा जड का जावा? मला तू आठवलीस. क्षितिजाच्या वेळी तू सव्वा महिना शेगडी घेऊन ठाण मांडून बसली होतीस आणि मायलेकींना शेक देत होतीस. मी किनाऱ्यावरून एक चपटा दगड आणला, तव्यावर तापवला, कीर्तीच्या जुन्या ओढणीत गुंडाळला आणि फौजदाराच्या पोटाखाली सारला. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, सुखावला. सहज म्हणून मी दगडावर तळहात ठेवला आणि ओरडलोच. ताई, या प्राण्याला पोटाखालचा चटका लवकर कळतच नाही. तो भाजत असतानाही तसाच शांत पडून राहतो.

पोटावर नखाएवढा डाग पडला आणि नेमका तो व्हिडिओ कॉलवर क्षितिजाला दिसला. ओरडली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, इट्स ओके. सतराला फ्रायडे आहे, जुनैद अंकल त्याला घेऊन जातील." जुनैद म्हणजे आमच्या प्लँटवरचा दापोलीचा टेक्निशियन, त्याच्या घरी असे तीन आहेत. मीही म्हटलं, खुशाल न्या, पीडा टळेल.

पण शुक्रवारपर्यंत तरी त्याला जगवायला हवा. जुबैलच्या एका दुकानदाराने "खलास, हेच बेस्ट" म्हणत (इथे खलास म्हणजे 'झालं, विषय संपला') लाल दिवा गळ्यात मारला. त्या उजेडात फौजदार दिवसभर गोंधळलेला आणि माझी बैठकीची खोली फोटो धुण्याच्या दुकानासारखी. मग जुनैदलाच शरण गेलो. त्याने पांढरा दिवा वर टांगला, भोवती जाळी बसवली, तापमान राखणारं यंत्र जोडलं आणि रात्रीसाठी उजेड न देणारा चिनी मातीचा हीटर लावला. तो गेल्यावर मी आपली हुशारी चालवून पेटीभर एकसारखे चाळीस अंश करून ठेवले. (आमच्या कंट्रोल रूममध्ये आकडा हलला की आमचा जीव जातो.) दुसऱ्या दिवशी जुनैदने कपाळावर हात मारला. "सर, हा काय बॉयलर नाय. एका टोकाला ऊन ठेवा, दुसऱ्या टोकाला सावली. त्याला पायजे तिकडं तो जाईल." आता एका टोकाला चाळीस आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस अंश आहेत.

खरं सांगू? पहिली पाळी संपवून दुपारी घरी येतो तेव्हा फौजदार फांदीवर तोंड किंचित उघडून दिव्याखाली पसरलेला असतो. काचेतून बाहेर पडणाऱ्या उजेडात मीही सतरंजीवर आडवा होतो. खिडकीबाहेर वाळू आणि समुद्र एकाच रंगाचे, कुठे काय संपतं ते कळत नाही. तो एक डोळा मिटतो, मी एक मिटतो. मग खोली जमिनीवरून सुटल्यासारखी हलकी होते. वाटतं, पुणं काही समुद्रापार नाही, त्या फांदीच्या मागेच आहे. कीर्ती आत चहा टाकते आहे, क्षितिजा फोनवर हसते आहे, आणि कुणालाच कुठे जायचं नाही. काल असा दीड तास गेला. जूनपासून पहिल्यांदाच तिन्हीसांजेला मला दिवा लावावा लागला नाही, आधीच एक लागलेला होता. ताई, मला फार बरं वाटलं. चहा करायचाही विसरलो.

असो. दाजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझा,
उल्हास

ता. क. डाग सुकला. जनावरांच्या डॉक्टरने मलम दिलं आणि माझ्याकडे बघून बराच वेळ मान हलवली.

ता. क. वर 'पीडा टळेल' लिहिलंय ते खोडणार होतो, पण पान घाण दिसलं असतं. क्षितिजा माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. येत्या शुक्रवारच्या आत तिला एक फोन कर. शेक घेतलेल्या जिवाला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, असं तुझ्या त्या ठाम आवाजात सांग. सव्वा महिन्यानंतरचं मी बघतो.

ता. क. बाबांना तो हवाय का, असं तिने विचारलं तर नाही म्हण. त्यालाच बाबांची सवय झाली आहे म्हण. या जातीला माणसांची सवय वगैरे होत नाही, असं जुनैद म्हणतो, आणि क्षितिजालाही ते ठाऊक आहे. तरी तू तसंच सांग.